मातीचा किल्ला आणि त्यांतलें युद्ध

दिवाळीच्या दिवसांत मुलांनीं अंगणांत मातीचा किल्ला करावा, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणीं पडलेली आहे कीं, तिच्याकडे कलाकृति म्हणून पाहण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. घरांतील वडील माणसें "छान झाला हो" म्हणतात, फराळाला आलेले पाहुणे दोन मिनिटें वाकून पाहतात, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत एखाद्या मांजरानें त्याची वाट लावली म्हणजे विषय संपतो. कादंबरीवर, नाटकावर, चित्रावर आपण पानेंच्या पानें लिहितों. पण ज्या कलाकृतीशीं मराठी मुलाचा अगदीं आधीं आणि स्वतःच्या हातानें संबंध येतो, तिच्यावर टीका म्हणून चार ओळी क्वचित्‌च लिहिल्या जातात. मुलांचा खेळ म्हणून तिला टीकेच्या कक्षेबाहेर ठेवणें हें वरवर उदारपणाचें दिसतें. वस्तुतः तें उपेक्षेचेंच एक रूप आहे. ज्याच्याकडून कांहीं अपेक्षाच नाहीं, त्याचेंच आपण सरसकट कौतुक करतों.

गेल्या दिवाळींत आम्ही वाशीम येथें एका स्नेह्यांकडे उतरलों होतों. त्यांच्या ओसरीपुढें आळींतील सातआठ मुलांनीं मिळून रायगड उभा केला होता. पुणें-साताऱ्याइतकी ही प्रथा वऱ्हाडांत जुनी नसेल, पण हौस तिकडच्याहून तिळमात्र कमी नाहीं. अडचण मात्र अधिक आहे. तिकडची तांबडी माती हाताला लगेच वळते; वऱ्हाडची जमीन काळी, कापसाची. ओली असतांना ती हाताला चिकटते, वाळतांना आकसते आणि तिला भेगा पडतात. काळ्या मातीचा बुरूज संध्याकाळीं डौलदार दिसतो आणि दुसऱ्या दिवशींच्या उन्हांत उकलतो. शेताची ती 'काळी' आणि गांवठाणाची, घरांच्या भिंतींची ती 'पांढरी', हा भेद आपल्या शेतकऱ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या ओळखलेला आहे. तोच या मुलांनीं पहिला बुरूज उकलल्यावर स्वतः शोधून काढला होता. एका पडक्या घराच्या भिंतीची पांढरी माती त्यांनीं घमेल्यांनीं वाहून आणिली. आंत विटांचे तुकडे आणि धोंडे, त्यांवर चिखलांत बुडविलेलें बारदान, आणि बारदानाला ज्या घड्या पडल्या त्याच डोंगराच्या घळी. उतारावर हळीव आणि मोहरी पेरली होती, ती बोटभर वर आली होती. फुटक्या आरशाचा तलाव झाला होता.

प्रथम गुण सांगतों. या किल्ल्याची भूरचना खरोखर चांगली होती. त्या मुलांपैकीं एकानेंहि रायगड प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता. पुस्तकांतील चित्रें आणि भिंतीवरील दिनदर्शिका एवढाच त्यांचा आधार. तरीहि कडा हा कडा वाटत होता आणि माची ही माची वाटत होती. वाट सरळ वर न नेतां वळणें घेत, बुरुजाच्या माऱ्याखालून फिरवून नेली होती, आणि दरवाजा दोन बुरुजांच्या कुशींत असा दडविला होता कीं, तो खालून दिसूं नये. ही गोष्ट पुस्तकांतून सांगून कळत नाहीं. माती रचतांना कळते. जो मुलगा गुडघ्यावर बसून वाट काढतो, त्याला आपोआप प्रश्न पडतो कीं, येथून वर येणारा माणूस कोणाला दिसेल आणि कोठून दिसेल. दुर्गशास्त्राचा आरंभ याच प्रश्नापासून होतो.

दोष दिसूं लागतात ते माणसें मांडल्यावर. किल्ल्यावर मांडावयाच्या बाहुल्यांना 'चित्रें' म्हणतात. पूर्वी तीं मातीचीं असत. आतां बहुधा प्लॅस्टरचीं, सांच्यांतून काढलेलीं असतात. या रायगडावर भालदार होते, तुतारीवाला होता, घागर घेतलेली बाई होती, गवळण होती, बैलजोडी होती, गुहेंत वाघहि होता. सिंहासनावर महाराज होते, आणि ते महाद्वारापेक्षां चांगले वीतभर उंच होते. आमचे स्नेही हंसून म्हणाले, "महाराजांना गडाखालीं उतरायचें झालें तर दरवाजा पाडावा लागेल!"

या विनोदाशीं आम्ही सहमत नाहीं. प्रमाणाचा हिशेब मांडूनच पाहूं. चित्र दोन इंच उंचीचें धरलें आणि माणूस साडेपांच फुटांचा धरला, तर तें चित्र माणसाच्या तेहेतिसाव्या हिश्शाचें झालें. त्याच मापानें एक मैल लांबीचा गड करावयाचा तर १६० फूट अंगण पाहिजे. एवढें अंगण असलेल्या वाड्यांत मुलें बहुधा किल्ले करीत नाहींत. म्हणजे गड एका मापाचा आणि माणसें दुसऱ्या मापाचीं, ही तडजोड अटळ आहे. आणि एकदां तडजोड करावयाचीच, तर ज्याचें महत्त्व अधिक त्याचा आकार मोठा हा जुना न्याय मुलांनीं लाविला, यांत वावगें कांहीं नाहीं.

हा न्याय वाशीमला परका तर मुळींच नाहीं. वाशीम म्हणजेच प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेच्या हरिषेण राजाच्या काळीं, इसवी सनाच्या पांचव्या शतकांत, अजिंठ्याचीं कांहीं उत्कृष्ट लेणीं सजलीं. सोळाव्या लेण्यांतील लेख त्याचा प्रधान वराहदेव याचा आहे. शेजारच्या सतराव्या लेण्यांत सिंहलाच्या स्वारीचें मोठें भित्तिचित्र आहे. त्यांत सैन्य समुद्र ओलांडून चाललें आहे, आणि नावांमध्यें चक्क हत्ती उभे आहेत. नावाड्याच्या हिशेबानें ती नाव क्षणभर टिकणार नाहीं. पाहणाराच्या मनांत ती पंधराशें वर्षें बुडालेली नाहीं. तेव्हां मापाचा दोष आम्ही या मुलांच्या पदरीं घालीत नाहीं. परंतु त्या भित्तिचित्राची दुसरी एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. त्यांत स्वारी करणारा राजा आहे, तशा ज्यांच्यावर स्वारी झाली त्या राक्षसीहि आहेत. युद्धाच्या दोन्ही बाजू चित्रकारानें भिंतीवर घेतल्या आहेत.

आमचा आक्षेप येथें सुरू होतो. रायगडावर शस्त्रें होतीं, शिपाई होते, तोफाहि होत्या; पण त्या तोफांचीं तोंडें कोणाकडे वळलेलीं आहेत तें दिसत नव्हतें. खालीं वेढा नव्हता, समोर शत्रु नव्हता, कोणी जखमी नव्हता. सर्व मावळे नुकतेच परीट घडीचे कपडे घालून उभे राहिल्यासारखे दिसत होते. आम्ही किल्ल्याच्या मागच्या बाजूस गेलों, तों तेथें भिंतीच्या आड एक मावळा आडवा पडलेला दिसला. त्याचा उजवा हात खांद्यापासून गेलेला होता. हा येथें कां, असें विचारतांच एक मुलगा म्हणाला, "काका, तो तुटला नं, म्हणून मांगं ठेवला."

उत्तर अगदीं सरळ होतें, आणि त्या मुलाला हंसण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. त्यानें जें केलें तेंच मोठीं माणसें मोठ्या प्रमाणावर करीत आलीं आहेत. याचें एक प्रसिद्ध उदाहरण देतों. तें परदेशांतील आहे, पण त्याचा धागा आमच्या वऱ्हाडाशीं येऊन मिळतो.

१८ जून १८१५ रोजीं वॉटर्लूची लढाई झाली. पुढें १८३० सालीं विल्यम सायबर्न नांवाच्या एका इंग्रज लेफ्टनंटास त्या लढाईची प्रतिकृति करण्याचें काम सांगण्यांत आलें. हा मनुष्य विलक्षण चिकाटीचा होता. तो रणांगणावरील एका शेतघरांत आठ महिने जाऊन राहिला आणि त्यानें तेथील उंचसखल जमीन मोजून काढली. लढाईंत असलेल्या अधिकाऱ्यांना त्यानें पत्रें पाठविलीं: संध्याकाळीं सातच्या सुमारास आपली पलटण कोठें होती, समोर शत्रूची कोणती रचना होती, शेतांत त्या दिवशीं कोणतें पीक उभें होतें? शेंकडों उत्तरें आलीं. सरकारनें मध्येंच पैसा बंद केला, तेव्हां तो कर्ज काढून काम करीत राहिला. १८३८ सालीं लंडनमध्यें ती प्रतिकृति लोकांपुढें आली. तींत सत्तर हजारांवर धातूचीं चित्रें होतीं. जमिनीचें माप मैलास ९ फूट. त्या मापानें माणूस जेमतेम आठव्या हिश्शाच्या इंचाचा होतो, म्हणून उंचीकरितां आणि माणसांकरितां सायबर्नलाहि निराळें, मोठें माप घ्यावें लागलें. वाशीमच्या मुलांनीं केली तीच तडजोड त्यानेंहि केली.

पण त्याच्या पुढें जें संकट उभें राहिलें तें मापाचें नव्हतें. सायबर्ननें मिळालेल्या पुराव्याप्रमाणें प्रशियन सैन्य ज्या ठिकाणीं मांडलें, त्यावरून निकालाच्या घटकेस प्रशियनांचा वांटा फारच मोठा होता असें दिसूं लागलें. वेलिंग्टनच्या गोटांतील थोर मंडळींना आणि खुद्द त्या सरदारालाहि हें रुचलें नाहीं. सायबर्ननें पुष्कळ दिवस आपला हेका सोडला नाहीं. शेवटीं नमून त्यानें हजारों प्रशियन चित्रें मैदानावरून उचललीं. ती प्रतिकृति आज लंडनच्या सैनिकी संग्रहालयांत आहे. तिच्यावरील प्रत्येक झाड मोजून लावलेलें असेल. पण जेथून तीं चित्रें उचललीं ती जागा मोकळी आहे, आणि ती मोकळी जागा जाणत्या माणसाला सर्वांत आधीं दिसते.

हा वेलिंग्टन म्हणजेच १८०३ सालचा जनरल वेलस्ली. आसईनंतर त्यानें २९ नोव्हेंबरला अकोल्याच्या उत्तरेस अडगांव येथें भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला आणि लगेच गाविलगडाकडे मोर्चा वळविला. वऱ्हाडचे डोंगरी किल्ले म्हणजे नरनाळा आणि गाविलगड. गाविलगड मेळघाटाच्या माथ्यावर, चिखलदऱ्याजवळ आहे. बहामनी सुलतान अहमदशहा वली यानें तो १४२५ सालीं बांधविला असें इतिहासकार सांगतात. त्याचे दोन भाग आहेत: दक्षिणेकडे आंतला किल्ला, उत्तरेकडे बाहेरचा, आणि दोहोंच्या मध्यें दरी. उत्तरेकडून तोफा लावावयाच्या तर त्या डोंगरांतून फिरवून आणल्या पाहिजेत. ७ ते १२ डिसेंबरपर्यंत कर्नल स्टीव्हन्सनच्या सैन्यानें आधीं वाट केली, मग त्या वाटेनें तोफा हातांनीं ओढून चढविल्या. १५ डिसेंबरला सकाळीं बाहेरच्या तटाचें भगदाड सर झालें. पण आंतला किल्ला अजून अभंग होता. दरींतून चढून कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीनें शिड्या लाविल्या, तट ओलांडला आणि आंतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेणीसिंग लढतां लढतां पडला, आणि त्याच्या शिबंदीचा मोठा संहार झाला. दोनच दिवसांनीं, १७ डिसेंबरला, देवगांवचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या हातून गेला.

हा प्रसंग दिवाळींत कोणी मांडलेला आम्ही पाहिला नाहीं. कारण उघड आहे: तो पराभवाचा आहे. २०२५ सालीं 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, ही अभिमानाची गोष्ट झाली. अकरा महाराष्ट्रांतले, एक तामिळनाडूंतला. त्यांत वऱ्हाडचा एकहि नाहीं, आणि त्या यादीच्या विषयाप्रमाणें तो नसणें साहजिकहि आहे. पण परिणाम असा होतो कीं, वाशीमचें मूल दोनशें कोसांवरचा रायगड ओळखतें आणि आपल्या आजोबांच्या मुलुखांतील गड त्याच्या स्वप्नांतहि येत नाहीं.

गाविलगड मांडावयाचा म्हटला कीं, रायगड मांडतांना न पडलेले प्रश्न आपोआप पुढें येतात. पहिला प्रश्न: खालून चढणारे कोण? इंग्रजांचें सैन्य म्हटलें म्हणजे मुलांच्या डोळ्यांसमोर गोरे, तांबड्या डगल्याचे लोक येतात. परंतु त्या सैन्यांत बहुसंख्य शिपाई याच देशांतले होते. मुलानें चढणाऱ्यांचे चेहरे रंगवावयास घेतले म्हणजे त्याला तपकिरी रंग अधिक लागेल, आणि तो असा कां लागतो हें त्याला कोणी तरी सांगावें लागेल. इतिहासाचा एवढा मोठा धडा रंगाच्या एका वाटींत मावतो.

दुसरा प्रश्न: हें सैन्य खात होतें काय? वेलस्लीच्या पत्रांतून बंजाऱ्यांचा उल्लेख पुनःपुन्हां येतो. हजारों बैलांच्या पाठींवर धान्य लादून त्यांचे तांडे फौजांच्या मागें फिरत. तें धान्य मिळेनासें झालें म्हणजे शूरांतलें शूर सैन्य जागच्या जागीं बसे. आमच्याच वाशीम जिल्ह्यांत पोहरादेवी हें बंजारा समाजाचें मोठें श्रद्धास्थान आहे. त्या समाजाचीं मुलें या आळींतल्या मुलांबरोबर शाळेंत एका बाकावर बसतात. पण किल्ल्यावरच्या चित्रांत भालदाराला जागा आहे, वाघालाहि आहे, गोणी लादलेल्या बैलामागून चालणाऱ्या बंजाऱ्याला नाहीं. बाजारांत त्याचा सांचाच नाहीं, आणि सांचा नाहीं म्हणून तो इतिहासांतहि नाहीं, असें मुलास वाटल्यास नवल काय? सांच्यांतून काढलेल्या चित्रांविरुद्ध आमची मुख्य तक्रार हीच आहे. तीं बेढब असतात ही तक्रार किरकोळ. तीं कोण असावें आणि कोण नसावें हें आधींच ठरवून येतात, ही खरी.

या सर्वांवर आमच्या स्नेह्यांनीं जो आक्षेप घेतला तो टाळण्यासारखा नाहीं. ते म्हणाले, "अहो, सणाच्या दिवशीं दारांत मढीं कशाला मांडायचीं? पोरांना वर्षांतून एकदां आपलें राज्य मातीचें कां होईना उभें करूं द्या." या म्हणण्यांत तथ्य आहे. दिवाळींतील किल्ला हें कांहीं सायबर्नचें मोजमापी काम नव्हे. त्यावरची हिरवळ, बैलजोडी, गवळण हीं शत्रूपेक्षां आधीं आलीं आहेत, आणि तीं तशीं यावींत यांत एक प्रकारचें शहाणपण आहे: गड राखावयाचा तो कशासाठीं, याचें उत्तर त्या गवळणीच्या डोक्यावरील घागरींत आहे. युद्धाच्या प्रतिकृतींत नांदतें गांव दाखविण्याचें सुचलें हें मराठी मुलांचें थोरपण होय. त्या बाबतींत सायबर्ननें त्यांच्यापासून शिकावें.

तथापि पराभव लपविण्याची संवय आपली खास नव्हे. पानिपताला आज अडीचशें वर्षांवर काळ लोटला, तरी 'पानिपत होणें' हा शब्दप्रयोग घरोघर चालतो. आपल्या मुलांना ज्या कथा सर्वांत प्रिय आहेत त्या तरी कोणाच्या? पावनखिंडींतल्या बाजीप्रभूच्या आणि सिंहगडावरच्या तानाजीच्या. दोघेहि त्या गोष्टींत मरतात. मुलाला मरण ऐकतांना चालतें, मांडतांना मात्र आपण तें त्याच्या हातून काढून घेतों. ऐकलेली गोष्ट कानावरून जाते. पण हातानें मांडलेली गोष्ट कोठें ठेवूं, कोणाच्या समोर ठेवूं, असें विचारीत विचारीत मांडावी लागते. म्हणून प्रतिकृतीची जबाबदारी कथेपेक्षां अधिक आहे.

युद्धाच्या प्रतिकृतीची परीक्षा आमच्या मतें एकाच प्रश्नानें करावी. माप चुकलें कीं बरोबर आलें, हा तो प्रश्न नव्हे. रंग उत्तम आहे कीं नाहीं, हाहि नव्हे. करणारानें समोरच्या माणसाची जागा शोधली काय, हा तो प्रश्न. सायबर्ननें ती शोधली, आणि नंतर दबावाखालीं ती रिकामी केली. म्हणून त्याचें काम थोर असूनहि दुःखदायक वाटतें. अजिंठ्याच्या चित्रकारानें ती शोधली, म्हणून त्याचे नावेंतले हत्ती आपण निमूटपणें मान्य करतों. वाशीमच्या मुलांनीं वाट, दरवाजा, बुरूज हें सर्व शत्रु गृहीत धरूनच रचलें होतें. फक्त त्या शत्रूला मांडावयाचें राहिलें. म्हणजे अर्धें उत्तर त्यांच्या मातींत आधींच होतें.

एखाद्या कुटुंबानें येत्या दिवाळींत गाविलगड करावयाचें मनावर घेतलें, तर सबंध गड करूं नये. तो अंगणांत मावावयाचा नाहीं. दोन तट, मधली दरी आणि एक शिडी एवढेंच करावें. चित्रें घरींच मातीचीं करावींत. तीं ओबडधोबड होतील, पण तीं कोणाचीं हें करणाऱ्यास माहीत असेल. पायथ्याशीं बैल असावेत. आणि सुटींत जमल्यास मुलांना चिखलदऱ्याच्या बाजूनें तो पडका तट, त्यावरचे देवी तलाव आणि मच्छी तलाव एकदां दाखवावे.

निरोप घेतेवेळीं आम्ही त्या मुलाला एवढेंच विचारलें कीं, हा हात तुटलेला मावळा पुढें, तटाच्या भगदाडाजवळ ठेवला तर कसें दिसेल? त्यानें थोडा विचार केला. "मग तिथं भगदाड पाडावं लागल," तो म्हणाला, आणि किल्ल्यापुढें वाकून, तट कोणत्या बाजूनें कच्चा आहे तें बोटानें चांचपूं लागला.